दादा हसला नाही

दोन सिनेमे पडल्यावर दिग्दर्शक टीव्हीकडे वळला, आणि विनोदी मालिकेनं त्याला हात दिला. तेव्हापासून त्याची एक रीत ठरलेली. भाग चॅनेलला पाठवण्याआधी थोरल्या भावाला संकलनाच्या खोलीत आणून बसवायचं. दादा जिथं हसणार नाही, तिथं कात्री. ते दोन सिनेमे बघतानाही दादा हसला नव्हता. तेव्हा यानं ऐकलं नाही, आणि तोंडावर आपटला.

आज चारला भाग द्यायचा होता. प्रेक्षक घटले होते. हा भाग जमला नाही तर मालिका बंद, असं चॅनेलच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

पडद्यावर एक गृहस्थ बँकेत अर्ज घेऊन उभा. "चष्मा घरी राहिला हो, तेवढं वाचून दाखवता?" पुढच्या खिडकीवरही तेच. तिसऱ्या खिडकीवरच्या कारकुनानं स्वतःचा चष्मा काढून दिला. गृहस्थानं तो ऐटीत लावला आणि अर्ज उलटा धरला.

संकलक खो खो हसला. दादाच्या खुर्चीतून आवाज नाही.

दिग्दर्शकानं चित्र थांबवलं. शाळेत, दवाखान्यात, हेच वाक्य त्यानं लहानपणापासून दादाच्या तोंडून ऐकलं होतं. लिहिताना ते आपसूक उतरलं. कुठून आलं, हे त्यानं स्वतःला विचारलंच नव्हतं.

"घरात कोणाकोणाला ठाऊक आहे?" दादानं विचारलं.

"काय?"

"वेड पांघरू नकोस. मला वाचता येत नाही, ते."

"सगळ्यांना. वहिनीलासुद्धा. पहिल्यापासून."

"म्हणजे चाळीस वर्षं मी फुकट नाटक केलं. खरा नट मीच की रे तुमच्यातला."

"दादा, काढतो मी ते."

"राहू दे. लोक हसतील. मीही हसलो असतो, दुसऱ्या कोणाचा भाऊ असतो तर." तो उठला. "पण पुढच्या वेळी हसायला दुसरा माणूस बघ."

दार लागलं. चारला दहा मिनिटं होती. टेबलावरचा फोन थरथरू लागला; चॅनेलच्या बाई होत्या.

"बँकेचा प्रसंग काढ."

"साहेब, बावीसची चौदा मिनिटं उरतील," संकलक म्हणाला. "मालिका हातची जाईल."

"काढ म्हटलं ना."

संकलकाचा हात हलेना. दिग्दर्शकानं स्वतः वाकून तो तुकडा उडवला आणि फोन घेतला.

"बाई, भाग आठ मिनिटांनी आखूड आहे. कारण घरचं आहे."

"मग सोमवारपर्यंत सेट मोकळा करा," बाई म्हणाल्या.

"करतो," तो म्हणाला, आणि घाईघाईनं जिना उतरू लागला. दादा अजून फार लांब गेला नसेल.