मालूच्या वाट्याच्या ओळी

"काय गो, माहेरी भिंती रंगवायचीस का? सोंडेला रंग लावलास का चुना फासलास?"

कॉलेजच्या सभागृहात स्पीकरमधून बायजाबाईंचाच आवाज घुमला आणि पोरं खो खो हसली. पहिल्या रांगेत बसलेल्या बायजाबाईंनी ऐटीत पदर सारखा केला. निघताना अख्ख्या हमरापूर गावाला त्या सांगून आल्या होत्या, "माझ्या बोलण्याचा इंग्रजीत धडा झालाय. चौथी नापास बाईचा, हां!"

नात रिद्धी पेणला बारावीत. तिच्या इंग्रजीच्या विषयात भाषा आणि साहित्य दोन्ही एकत्र. घरातलं खरं बोलणं टिपायचं, इंग्रजीत आणायचं, नाटकातल्या संवादाशेजारी ठेवायचं आणि कोण कसं बोलतं ते उलगडायचं, असा तिचा प्रकल्प. म्हणून आजीला आणि आईला विचारून तिनं घरच्या गणपतीच्या कारखान्यात बोलणं टिपायला फोन ठेवला. आधी बायजाबाई तोलूनमापून बोलल्या. मग फोनचा विसर पडला आणि जीभ सुटली.

आता स्पीकरमधून सुनेचा, मालूचा आवाज आला. "आई, या लहान मूर्तींची आखणी मी करू?"

"देवाचे डोळे काढायचेत, रांगोळी नाय. तुझ्या हातानं गणपती चकणा व्हईल नि नाव माझं जाईल. जा, पाट पूस."

पुन्हा हशा. बायजाबाईही हसल्या. त्यानंतर मात्र स्पीकरमधून नुसती पंख्याची घरघर येत राहिली. हसणं विरलं, तरी रिद्धीनं ते बंद केलं नाही.

"ही पण आईची ओळच आहे," ती म्हणाली. "बोलणं लिहून काढताना गप्प बसणंही लिहायचं असतं. नाटकातलं माणूस गप्प बसलं, तर आम्ही कारण शोधतो. घरात कुणी शोधत नाही."

बायजाबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण समोरच्या पडद्यावर ते बोलणं लिहून दाखवलं होतं, त्यात डावीकडे त्यांची बाजू अक्षरांनी गच्च भरली होती आणि उजवीकडे मालूच्या वाट्याला नुसते ठिपके होते. ते दिसायला शाळा लागत नव्हती.

शेजारी मालू मांडीवर हात ठेवून बसली होती. तिच्या नखांत पिवळा रंग होता. बायजाबाईंच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

"आजी, दोन शब्द बोला ना!" रिद्धीच्या इंग्रजीच्या बाईंनी माईक पुढे केला.

"नाय... मला नाय जमायचं."

परतताना मिनिडोर रिक्षात रिद्धीनं हळूच विचारलं, "आजी, रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला? बोललेय तर मीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात डोळ्यांवाचूनचे गणपती फळीवर ओळीनं बसले होते. बायजाबाईंनी आपला बारीक कुंचला मालूपुढे ठेवला. त्याला आजवर कुणाचा हात लागू दिला नव्हता त्यांनी.

"या ओळीची आखणी तू कर."

मालूनं कुंचल्याकडे पाहिलं. "आज कशाला, आई? लोकांनी ऐकलं म्हणून?"

जिभेवर उत्तर तयार होतं. झणझणीत. बायजाबाईंनी ते गिळलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच."

पंखा घरघरत राहिला. बायजाबाई थांबल्या, मग कोपऱ्यातलं फडकं घेऊन खाली बसल्या आणि रंगाचे पाट पुसू लागल्या. मालूनं कुंचला उचलला का, हे बघायला त्यांची मान वर झाली नाही.