एक खड्डा, तीन नोंदी

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे आणि माझे टोक वाकडे आहे. ते म्हातारपणाने वाकलेले नाही, कौतुकाने वाकले. कसे ते ऐका.

घोटीच्या लोहाराने मला घडवले. भिमाबाईंच्या घरी कुंपणाचे खड्डे खणत मी सुखात होते. त्यांची नात मीना तेव्हा चार वर्षांची होती. पाड्यावर अंगणवाडीला खोली नव्हती. मुले भिमाबाईंच्या ओट्यावर बसत आणि पाऊस तिरका आला की भिजत. म्हणून खोली मंजूर झाली, तेव्हा भिमाबाईंनी घरोघरी गूळ वाटला.

खर्चाचा अंदाज काढायला नाशिकहून देवव्रत नावाचे इंजिनिअर आले. जमिनीत मुरूम आहे की खडक, हे तीन ठिकाणी खणून बघायचे असते. पण मे महिन्याचे ऊन! साहेबांनी भिमाबाईंकडून मला मागवले आणि आंब्याच्या सावलीतली एकच जागा दाखवली. मी एका घावात हातभर आत गेले.

"वा! काय पहार आहे!" साहेब म्हणाले.

मी फुलून गेले. खरे तर लोणीसुद्धा याहून जास्त विरोध करते.

भिमाबाई म्हणाल्या, "सायेब, हितं आमचा उकिरडा व्हता. त्या अंगाला मारून बघा, लय खडक हाय."

"आजी, एकावरून कळतं सगळं," म्हणत साहेबांनी तिन्ही रकान्यांत 'मुरूम' लिहिले.

निविदेत एक ओळ होती: जमिनीची खात्री ठेकेदाराने स्वतः करून घ्यावी. ठेकेदार चंदरशेठ यांनी ती पंख्याखाली बसून वाचली आणि साहेबांनी बघितलेच असेल, असे समजून दर भरला.

काम सुरू झाले. उन्हातल्या कोपऱ्यात मला मारले, तशी खण्ण! टोक वाकले, काम थांबले.

"कागदावर मुरूम हाय. खडकाचे पैसे वेगळे," चंदरशेठ म्हणाले.

"ती ओळ वाचा," साहेब म्हणाले.

दोन वर्षे दोघे एकमेकांना पत्रे लिहीत राहिले. माझ्या टोकाचा फोटो फायलीत लागला. तेवढ्यातही मी खूश झाले, कबूल करते.

शेवटी साहेब पुन्हा आले. या वेळी भिमाबाईंनी मला स्वतः उचलले आणि चारही कोपऱ्यांत मारून दाखवले. साहेब उन्हात उभे राहून प्रत्येक कोपऱ्याची वेगळी नोंद लिहीत होते.

त्या नोंदींवरून खडकाचे पैसे मंजूर झाले. खोली झाली, चांगली झाली. पहिल्याच दिवशी मीना धावत आत जाऊन बसली.

"अगं, तू आता पहिलीत," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या.

ती उठली आणि दारात उभी राहून आत बघत राहिली. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, मला तेल लावू नका, माझा गंजही पुसू नका. सावलीत मी गोड वागले, तर मला उन्हात नेऊन एकदा मारून बघा.