बाकाची डावी बाजू

बाईंनी यादीतलं शेवटचं नाव वाचलं आणि चौदा मुलं आपापली खुर्ची उचलून दाराकडे निघाली. शाळेची रीतच तशी होती. हुशार मुलांचा वर्ग वेगळा भरायचा. खोली नवी, सर नवे, पण खुर्ची ज्याची त्याने न्यायची. पाचवीच्या बाकांमागे जागोजागी भगदाडं पडली.

चिमणी सगळ्यांत शेवटी उठली. दिवसभर उजवीकडच्या शेजारणीच्या कानाशी पुटपुटत असायची, म्हणून हे नाव. शेजारीण अगदी उलट. तिला सगळा वर्ग घुमी म्हणायचा. गणितं दोघींची बरोबर यायची आणि तीही एकाच वेळी. निवडीच्या तक्त्यात बाईंनी चिमणीपुढे ‘तल्लख’ असा शेरा लिहिला होता आणि घुमीपुढे ‘नक्कल करते’. दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता.

“जा गं, तिकडे खोळंबलेत सगळे.”

चिमणीने खुर्ची उचलली. घुमी बाकाची कड धरून बसून राहिली.

त्या दिवसापासून घुमीची वही कोरी. फळ्यावर गणित पडलं की तिची मान खाली.

“पडलं ना पितळ उघडं?” बाई भर वर्गात म्हणाल्या. पोरं हसली. बाईंनाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत नव्या वर्गाचे सर चहाचा कप घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसले.

“बाई, तुमची ती चिमणी. फळ्यावरचं घडाघडा वाचते, पण एक गणित सुटेल तर शपथ. नुसती रडते हो.”

“नवी जागा आहे. रुळेल.”

असं म्हणाल्या खऱ्या, पण डबा अर्धाच ठेवून त्यांनी झाकण लावलं.

सुट्टी संपल्यावर त्यांनी घुमीला उभं केलं.

“फळ्यावर काय लिहिलंय, वाच.”

घुमीने डोळे बारीक केले, मान तिरकी केली.

“कुठल्या बाजूला लिहिलंय, बाई?”

कुणीतरी फिसकन हसलं. या वेळी बाई हसल्या नाहीत. त्यांनी गणित तोंडीच सांगितलं. पहिल्या नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने तीन तासांत. दोन्ही एकदम सोडले तर?

“दोन तास.”

“हे आधी का नाही बोललीस गं?”

“ती वाचायची, मी सांगायची. वर्गात बोलायचं नाही म्हणाला होतात ना, म्हणून हळू बोलायचो.”

दोन वर्षं ही पोर समोर बसत होती. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की वर्ग तसाच सोडून त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

मुख्याध्यापकांनी निवडीचा तक्ता काढून पुढे सरकवला.

“शेरा तुमच्याच हातचा ना? करू की बदल. ‘निवडीत माझी चूक झाली’ असं लेखी द्या. पालकांनाही तुम्हीच सांगा.” मग चष्मा पुसत म्हणाले, “पुढच्या वर्षी तो हुशारांचा वर्ग तुमच्याकडे द्यायचं चाललं होतं आमचं.”

टेबलावर कोरा कागद होता. पेनही होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“डोळे तपासायला घरी चिठ्ठी देते,” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि पहिल्या बाकावर घेते तिला. गणित मोठ्याने वाचत जाईन.”

“तेच बरं.”

दुसऱ्या दिवशी घुमीने आपली खुर्ची पुढे आणली. पहिल्या बाकावरची दोन्ही मुलं नव्या वर्गात गेली होती. अख्खा बाक मोकळा, तरी ती उजव्या कडेलाच बसली, डावीकडे एका खुर्चीपुरती जागा सोडून. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचलं.

बाई मागे वळेपर्यंत घुमीचं सोडवून झालं होतं. तोंडापुढे हात धरून ती डावीकडे झुकली आणि उत्तर हळूच सांगून टाकलं. मग पुढचं गणित ऐकायला कान तिकडेच लावून बसली.