तिसरी बरणी

ममताने खिम्याची पिशवी चाळणीत उपडी केली, पदर खोचायला गेली आणि आपण कुर्त्यात आहोत हे आठवून तिने ओढणीचीच कमरेला गाठ मारली. चौदा वर्षं झाली, या स्वयंपाकघरात शिरलं की हात अजून पदर शोधत.

"धू, पन चिवडू नको," दारातून आवाज आला. "पानी निथलू दे बेस."

आनंदीबाई उंबऱ्यापलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळ्यांवर हॉस्पिटलने दिलेला काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. वाकायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही असं काही ते बोलले नव्हते. तरी आनंदीबाईंनी खुर्ची बाहेर ठेवून फक्त पायाची बोटं आत घेतली होती. तेवढी सूट त्यांची त्यांनीच घेतली होती.

"आठ दिस मुगाची खिचरी," त्या म्हणाल्या. "रीमाला वाटतं माझा डोला न्हाय, पोट कापलंय."

"काळजी करते हो ती."

"करू दे की. पन मीठ घालून करावी."

थोरली लेक रीमा आठवडाभर राहून सकाळीच विरारला गेली होती. रविवार तसाही ममताचा. भाईंदर पूर्वेला तिचा एका खोलीचा फ्लॅट, एका दातांच्या दवाखान्यात नोकरी, आणि रविवारी सासरचं गाव, राई. नवऱ्याला, नीरजला जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही, मग आता सासूकडे कशाला जातेस, असं बिल्डिंगमधल्या बायका विचारत. ममता म्हणायची, रविवार असतो ना. याहून बरं उत्तर तिला कधी सुचलं नव्हतं.

आज मात्र ती सांगायचं ठरवून आली होती. येताना रिक्षात तिने वाक्य दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पुढच्या महिन्यात ती आणि प्रीतम रजिस्टर लग्न करणार होते. केबिन रोडवर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आनंदीबाई ओरडतील याची तिला भीती नव्हती. त्यांचं ओरडणं ती वरणभातासारखं पचवत आली होती. भीती वेगळीच होती. त्या दोघींचं नातं नीरजच्या खुंटीला टांगलेलं होतं. तो गेला तरी ते तसंच टांगलेलं राहिलं, कोणी हात लावला नाही म्हणून. आता ती खुंटीच आपण उपटणार. मग रविवारी कोण म्हणून यायचं इथे?

"कांदा घे. माळेतला, खालून चौथा. वरचे कोंब आलेत."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसाया कशाला पायजे? मीच बांधलेत."

परसात आता बिल्डिंगची भिंत आली होती आणि ऊन अकरानंतर उतरायचं, पण आनंदीबाईंनी उरलेल्या पट्ट्यात कांदा, लसूण, हळद, कढीपत्ता सगळं कोंबून लावलं होतं. कोपऱ्यातल्या आंब्याच्या कैऱ्या वाळवून डबाभर आंबोशी व्हायची. या घरात टोमॅटो विकत आणणं म्हणजे जवळजवळ बदफैली. मिरच्या तेवढ्या बाजारच्या, पण ते त्या चारचौघांत सांगत नसत.

कांदा तेलात पडला. ममताने लसूण ठेचला.

"आई, मला जरा बोलायचं होतं."

"बोल न. पन कांद्याकडं बघून बोल. रडतोय अजून तो, लाल झाला न्हाय."

ममता कांद्याकडे बघत राहिली. कांदा लाल झाला, हळद पडली, खिमा पडला, आणि वासाने घर भरलं. वाक्य होतं तिथेच राहिलं.

मसाल्याची घरची बरणी तिने उघडली तर तळाला चिमूटभर. तिने स्टुलावर चढून वरच्या फळीवर पाहिलं. तोंडाला फडकी बांधलेल्या तीन बरण्या ओळीने होत्या. रीमाची आणि धाकट्या वनिताची तिला माहीत होत्या. मसाला मेमध्ये कांडून आणायचा, निम्मा लेकींना तेव्हाच द्यायचा आणि निम्मा दिवाळीला. एकदम दिला तर पोरी सासरी वाटून मोकळ्या होतात, असा आनंदीबाईंचा अनुभव. सून घरचीच, तिने हवा तेव्हा घरच्या बरणीतून डब्यात घ्यायचा. तिसरी बरणी जास्तीची असणार. ममताने ती काढली, गाठ सोडली आणि दोन चमचे खिम्यावर टाकले.

"झाकन कसला वाजला?"

"घरचा मसाला संपलाय. वरची बरणी काढली. तिसरी."

ममताने वळून पाहिलं. आनंदीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि लाल डोळा बारीक करून त्या बरणीकडे बघत होत्या.

"फडका बांधला व्हता न तिला?"

"हो."

"घरच्या बरनीला मी कवा फडका बांधते?"

ममताला आठवेना. मग आठवलं. कधीच नाही. फडकं बांधायचं ते प्रवासात झाकण उडू नये म्हणून. घरची बरणी कुठे जाते?

"चुकलं. मग कोणाची आहे ही?"

"लेकींच्याच हायेत तिनी."

"आई, तुम्हाला लेकी दोन."

"मना ठाव हाय किती ते. हलव ते, खाली लागंल."

ममताने हलवलं. पाणी घातलं, आंबोशीचे चार तुकडे टाकले, झाकण ठेवलं. हे सगळं तिने मागे न वळता केलं.

"सांगनार कवा व्हतीस?" आनंदीबाईंनी विचारलं. "लगीन झाल्यावर?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगतंय! एप्रिलमंदी पयल्या डोल्याला तो गाडी घेऊन आला व्हता न, चष्मेवाला. मना गाडीत बसवताना तुझी ओढनी दारात अडकली. त्यानं सोडवली, आन् मग तू आपली उगंच दोनदा नीट केलीस."

"तुमच्या डोळ्याला पट्टी होती."

"एका डोल्याला. दुसरा काय झोपला व्हता?"

ममताला हसू आलं आणि त्याच्याच मागून दुसरं काहीतरी आलं. तिने कढईवरचं झाकण उचललं. वाफ तोंडावर आली, ते बरं झालं.

"राग नाही आला?"

"आला न. चार दिस आला." आनंदीबाईंनी चष्मा परत नाकावर ठेवला. "नीरजच्या फोटूला बोलली, बघ रं, चालली तुझी बायको. तो काय बोलतोय? लग्नातला फोटू, हसतोच हाय. मंग मसाला कांडायला गेली तवा तीन किलो मिरची जास्त घेतली. बाईनं इचारलं, यंदा का गं? मी बोलली, पोरगी जायची हाय."

बाहेर कोणाच्या तरी टीव्हीवर जाहिरात लागली आणि बंद झाली.

"त्याला तिखट चालतं का?"

"नाही हो," ममता म्हणाली. "पाणीपुरीसुद्धा गोड मागतो."

"आरं देवा!" आनंदीबाई खरोखर हादरल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांना या लग्नाची काळजी वाटलेली दिसली. "मंग बरनी तुना दोन वर्सं पुरंल."

खिमा आटला. ममताने लादीतले पाव सुटे केले, मधून चिरले, तूप लावून तव्यावर टाकले. खिमा आत भरून उलथन्याने दाबला की कडांतून लाल तेल सुटायचं. ते पावानेच पुसून घ्यायचं, ही या घरची रीत. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसून जेवल्या. आनंदीबाईंनी तीन पाव खाल्ले. चौथा हातात घेऊन म्हणाल्या, "आंबोशी एक तुकडा जास्त झाली." म्हणजे आवडलं होतं.

"त्याला एकदा आणू का इकडे?"

"आन. पन त्याला सांग, मना चष्मा फुकट नको. पैसे घेनार असंल तर ये."

ममता उठली. दोन्ही ताटं एकावर एक ठेवून मोरीकडे निघाली, तशी आनंदीबाईंनी बसल्या जागेवरून तिची ओढणी धरली.

"ठेव ती."

"दोनच तर ताटं आहेत. पटकन घासते."

"ठेव बोलली न. रीमा घासते काय इथं? वनितानं कवा घासलंय? माहेरला आलेली पोर ताट घासत न्हाय."

"मग घासणार कोण? तुम्हाला वाकायचं नाहीये."

आनंदीबाईंनी यावर विचार केला.

"राहू दे सकालपरत," त्या शेवटी म्हणाल्या. "कोन बघतंय?"

ममताने ताटं मोरीत ठेवली आणि त्यांवर तांब्याभर पाणी ओतलं. घासणी समोरच होती. तिने ती उचलली नाही. परत येऊन उंबऱ्यापाशी बसली. चौदा वर्षांत या घरात जेवून उठल्यावर हात रिकामे असण्याची ही पहिलीच वेळ. कुठे ठेवावेत ते तिला कळेना. मग तिने ते आनंदीबाईंच्या पायांवर ठेवले आणि हळूहळू दाबायला लागली.

"आता हे पन नको," आनंदीबाई म्हणाल्या. पाय मात्र त्यांनी मागे घेतले नाहीत.