पाचचा कटऑफ

दोह्यातल्या मराठी मंडळात अवधूत पेठकरांना कुणी अध्यक्ष म्हणत नसे. सगळे त्यांना कटऑफ काका म्हणत, आणि तेही ते समोर नसताना. काका हमद पोर्टवर जहाजांच्या वेळा लावायचे. तिथे प्रत्येक जहाजासाठी माल आत घ्यायची एक शेवटची वेळ ठरलेली असते, तिला कटऑफ म्हणतात. ती टळली की फाटक बंद, मग तुमच्या कंटेनरात सोनं असो नाहीतर कांदे. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणूस घरी तसाच वागणार, आणि मंडळात तर वागणारच.

मंडळ म्हणजे ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका जुन्या व्हिलाचा तळमजला. किल्ली अध्यक्षांकडे असे. कार्यक्रम सातचा असला की काका सातला दाराला आतून कुलूप लावत. आता मराठी माणसाला परदेशात सगळं जमतं, फक्त मंडळाच्या कार्यक्रमाला वेळेवर जाणं तेवढं जमत नाही. त्यामुळे तीन वर्षांत निम्मं मंडळ कधी ना कधी त्या दाराबाहेर ताटकळलं होतं. गेल्या महिन्यात गणपतीत तर कहरच झाला. पूर्णिमाचा नवरा गिरीश पार्किंग शोधण्यात तीन मिनिटं उशिरा पोचला. त्याच्या हातात नैवेद्याच्या एकवीस मोदकांचं ताट होतं. आत आरती सुरू झाली होती आणि दार बंद. बाप्पाला त्या दिवशी साखरेवर भागवावं लागलं, आणि गिरीशने गाडीत बसून रागाच्या भरात नऊ मोदक खाल्ले.

आणि आता ऐन वर्ल्डकपच्या तोंडावर निवडणूक आली होती. काका पुन्हा उभे होते आणि त्यांच्याच पॅनेलमधून पूर्णिमा सचिवपदाला उभी होती.

तिला पदाची हौस नव्हती. दर शुक्रवारी सकाळी नऊला त्या हॉलमध्ये ती मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवायची. एकोणीस मुलं होती. त्यांच्याशी मराठीत बोललं की मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, पूर्णिमाची स्वतःची मुलगी आसावरीसुद्धा. पण गेल्या उन्हाळ्यात आसावरीने आजीला मराठीत पत्र लिहिलं होतं. आठ ओळींत अकरा चुका होत्या, आणि आजीने ते पत्र देवघरात ठेवलं होतं. समोरच्या पॅनेलकडून अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या कैवल्यला मात्र शुक्रवारी हॉल हवा होता. मोठा पडदा, फुटबॉलचे सामने, नाचाच्या तालमी असा त्याचा झकास बेत होता. वर्गाचं काय, असं विचारलं तर तो गोड हसून म्हणायचा, वर्ल्डकप होऊ दे, मग बघू. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय, हे पूर्णिमाला कुणी शिकवायची गरज नव्हती. हॉल कुणाला कधी द्यायचा हे सचिव ठरवतो, म्हणून ती उभी राहिली होती.

तिला भेटेल तो एकच गोष्ट सांगायचा, की तू चांगली आहेस पण काका तुला बुडवणार. खुद्द गिरीशने जाहीर केलं होतं की बायकोला मत देईन, पण त्या माणसाला देणार नाही. कैवल्यने घरोघरी फोन करून अंदाज काढला होता, काका पन्नासहून जास्त मतांनी पडणार आणि सोबत अख्खं पॅनेल नेणार.

आशेला एकच जागा होती. बरवा अल बराहा या कामगारांच्या मोठ्या वसाहतीत राहणारे एक्केचाळीस जण मंडळाचे सभासद होते. कुणी वेल्डर, कुणी क्रेन चालवणारा. त्यांना सभासद करून घ्यायला कमिटीतल्या कित्येकांनी नाकं मुरडली होती, तेव्हा काकाच हट्टाला पेटले होते. त्यांचा म्होरक्या अबूबकर, रायगडचा. आम्ही सगळे बस करून येतो, असं त्याने पूर्णिमाला सांगितलं होतं. आठवड्याची एकुलती एक सुट्टी, जुम्म्याची नमाज, जेवण उरकून चारला निघायचं आणि पाचच्या आत मत टाकायचं.

त्या शुक्रवारी पावणेपाचला अबूबकरचा फोन आला. कालपर्यंत उघडा असलेला रस्ता आज नव्या कामासाठी बंद केला होता, आणि बस वळसे घेत घेत अडकली होती. त्या दिवसांत शहराचं असंच चाललं होतं. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी सापडेल याची खात्री नव्हती.

हॉलमध्ये मतदानाची रांग होती. पाचला दार बंद, पण तोवर आत आलेल्यांना मत देता येईल, असा नियम होता. रांगेत सव्वीस माणसं उरली होती. शेवटून तिसरा गिरीश. पाचला दोन मिनिटं कमी असताना काका किल्ली घेऊन दाराशी जाऊन उभे राहिले. पूर्णिमाने धावत जाऊन निवडणूक अधिकारी शशिकलाबाईंना सगळं सांगितलं. बाई मंडळात सर्वांत ज्येष्ठ आणि मनाने मऊ. दोन्ही पॅनेलची हरकत नसेल तर दहा मिनिटं वाढवून देते, असं त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी कैवल्यकडे पाहिलं. कामगारांना बाहेर ठेवलं तर चारचौघांत शोभणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि एक्केचाळीस मतांनी आपलं काही बिघडत नाही हा हिशेबही त्याच्याकडे होता. त्याने उदारपणे हात हलवून हरकत नसल्याचं सांगितलं. पूर्णिमाचा जीव भांड्यात पडला.

“माझी हरकत आहे,” काका म्हणाले.

पूर्णिमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती त्यांच्याजवळ गेली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलली.

“काका, ती आपली मतं आहेत.”

“म्हणूनच,” काका म्हणाले. ते रांगेकडे बघत होते आणि त्यांचा आवाज रांगेपर्यंत जात होता. “गणपतीत गिरीश मोदकांचं ताट घेऊन या दाराबाहेर उभा होता. तीन मिनिटं उशीर झाला म्हणून मी त्याला आत घेतलं नाही. आज माझी माणसं उशिरा आली म्हणून दार उघडं ठेवलं, तर त्याला मी काय सांगू?”

बाहेर बसचा आवाज आला. काचेतून दिसत होतं, बस कोपऱ्यावर वळत होती. पुढच्या दारात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला अबूबकर उभा होता आणि हात हलवत होता. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. काकांनी कुलूप घातलं आणि किल्ली फिरवली.

तिला संताप यायला हवा होता. वर्ग डोळ्यांदेखत बुडत होता, एकोणीस मुलं, आजीच्या देवघरातलं ते पत्र, सगळंच. पण संताप आलाच नाही. ती नुसती थक्क होऊन त्या माणसाकडे बघत राहिली. या शहरात तिने वाळवंटातून स्टेडियमं उभी राहताना पाहिली होती, समुद्र मागे सारून बांधलेली बेटं पाहिली होती, आणि तोंडात बोटंही घातली होती. पण हातातोंडाशी आलेली आपलीच मतं स्वतःच्या हाताने दाराबाहेर ठेवणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

रांग पुढे सरकली. गिरीशने मतपत्रिका घेतली आणि आडोशाला गेला. सात नावांवर खूण करायला जेवढा वेळ लागत नाही, तेवढा वेळ तो तिथे उभा होता.

मोजणी तासाभरात आटोपली. शशिकलाबाईंनी चष्मा पुसून निकाल वाचला. काका सहा मतांनी पडले होते. कैवल्यने मनातल्या मनात पन्नासातून सहा वजा करून पाहिले असावेत, कारण जिंकूनही त्याचा चेहरा पडला. सात जागांपैकी पाच काकांच्या पॅनेलला गेल्या होत्या. सचिवपदी पूर्णिमा एकोणीस मतांनी निवडून आली होती. रांगेतली ती शेवटची माणसं फिरली होती. गिरीश तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मी दिलं गं त्यांना.” त्याचे डोळे भरले होते.

टाळ्या वाजायच्या आधीच काका दाराकडे गेले. कुलूप काढून ते बाहेर आले, आणि पूर्णिमा त्यांच्या मागोमाग. एक्केचाळीस माणसं फुटपाथवर बसून होती. कुणीही परत गेलं नव्हतं. काकांना बघून ती उठली. एकदोघांचे चेहरे रागाने लाल होते, आणि त्यांनी रागावू नये असं म्हणायला पूर्णिमाकडे तोंड नव्हतं.

“मी पडलो,” काका म्हणाले. “तुमची मतं घेतली असती तर पडलो नसतो.”

अबूबकरने मागच्यांकडे एकदा पाहिलं.

“आमी मिनटभर लेट झालो, काका. रस्ता बंद व्हता.”

“माहीत आहे मला.”

“फुडच्या टायमाला तीनलाच सुटू,” अबूबकर म्हणाला, आणि मागच्यांनी माना डोलावल्या. ज्याचा चेहरा सर्वांत लाल होता, त्यानेही.

काकांनी मान खाली घातली. तीन वर्षांत पूर्णिमाने त्यांना कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. ती दोन माणसं समोरासमोर उभी होती आणि त्यांच्यामध्ये बोलायला आपली काय लायकी, असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने काका तिच्याकडे वळले. नवीन अध्यक्ष सूत्रं घेईपर्यंत किल्ली सचिवाने सांभाळायची, असा नियम होता, आणि काका तो विसरणं शक्य नव्हतं. त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

“वर्ग किती वाजता असतो तुझा?”

“नऊला, काका.”

“मुलं किती वाजता येतात?”

पूर्णिमाला खोटं बोलवेना. “साडेनऊपर्यंत येत राहतात,” ती म्हणाली.

काका तिच्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिले.

पुढच्या शुक्रवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना पूर्णिमा किल्ली घेऊन दाराशी उभी होती. आत अठरा मुलं बसली होती. गिरीशच्या गाडीतून उतरून आसावरी कोपऱ्यावरून चप्पल हातात घेऊन धावत येत होती.

“आई, थांब,” ती ओरडली. “मी आले.”

तिच्या लक्षातही आलं नाही की ती मराठीत ओरडली होती.