पाच बिया आणि मी गंजका डबा

मित्रांनो, मी एक जुना तेलाचा डबा आहे, पंधरा किलोचा. बुडाला गंज चढलाय, पण अक्कल शाबूत आहे, आणि त्याचाच त्रास होतो.

केबिन रोडच्या वाण्याकडे माझ्यातलं तेल संपलं आणि १९९१ साली सुचेताताईंनी मला गोडदेवच्या नव्या घरी आणलं. बुडाला खिळ्याने भोकं पाडली, माती भरली आणि ग्रिलमध्ये ठेवलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने, उत्तनच्या बेट्टीने, त्यांना शोभेच्या वालाच्या पाच बिया दिल्या होत्या. "माझी वेल वाऱ्यात गेली. ह्या शेवटच्याच हाय. शेंगा सुकल्या की दोन बिया मला परत दे," ती म्हणाली होती. ताईंनी शब्द दिला होता.

ताईंचे यजमान पंढरीनाथराव. त्यांना मदतीची भारी हौस. त्यांनी बिया भिजत घातल्या, फडक्यात बांधून मोड आणले. इथवर ठीक. पुढे वालाच्या उसळीच्या, म्हणजे बिरड्याच्या, सवयीने कोमट पाण्यात टाकून सोलायलाच बसले! ताई धावत येईपर्यंत चार सोलून झाल्या होत्या. त्या चारही मातीत कुजल्या. पाचवी तेवढी सालासकट माझ्यात पडली आणि रुजली.

वेल फार नाजूक. खारा वारा लागला की मान टाकायची. ताई ऑफिसातून आल्या की चप्पल न काढता आधी तिला सुतळीवर चढवायच्या. थंडीत जांभळे तुरे आले, मग शेंगा धरल्या. सगळे वेलीचं कौतुक करायचे. माझं नाव कुणी घेतलं नाही, जाऊ दे.

"शेंगा वेलीवरच सुकू द्या हं," ताई म्हणाल्या. राव पेपरात डोकं घालून "हो हो" म्हणाले.

एका रविवारी बेट्टी वेल बघायला येणार होती. ताई तिला आणायला स्टेशनवर गेल्या. पाहुणी येणार म्हणून रावांनी झाडून सगळ्या शेंगा खुडल्या आणि खोबरं घालून भाजी केली. मी नुसता बघत राहिलो. डब्याचं ऐकतो कोण?

जेवताना बेट्टी म्हणाली, "भाजी चांगली झालीय. कसली?"

"आपल्याच वेलीची," राव फुशारून म्हणाले.

ताई ताटावरून उठल्या. ग्रिलपाशी येऊन पान न् पान उलटून पाहिलं. एकही शेंग नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. बेट्टी मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "म्हंजे आपलं बी आपणच खाल्लं."

वेलीला पुन्हा फूल आलं नाही. उन्हाळ्यात ती वाळून गेली.

मित्रांनो, मदत जरूर करा. पण दुसऱ्याने जपलेल्या झाडाला हात लावण्याआधी त्याला विचारा, आणि तो सांगेल ते कान देऊन ऐका. माझ्यात माती अजून आहे. पेरायला बी नाही.