लाल डब्यातला निळा चमचा

मित्रांनो, आमच्या घरातल्या बटणांच्या डब्यात हात घातलात, तर तळाशी तुमच्या बोटांना एक निळा, खोलगट, आखूड दांड्याचा चमचा लागेल. तो मी. दांड्यावर दातांच्या खुणा आहेत, त्या भिंगरीच्या. मी एक जुना मापाचा चमचा आहे आणि माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. मला हात नाहीत, हे मलाही कळतं. पण तुम्ही ऐका तरी.

माझा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात झाला. साच्यातून आम्ही चाळीस भावंडं एकदम बाहेर पडलो, सगळी एका मापाची, एका तोंडवळ्याची. तिथल्या तपासणीच्या बाईंनी मला उजेडात धरलं, काठावरून बोट फिरवलं आणि "हा ठीक आहे" म्हणून पुढे सरकवलं. ती माझी आयुष्यातली पहिली शाबासकी. तेव्हापासून मी स्वतःला फार अचूक समजू लागलो. मग मला एका पिवळ्या डब्यात, मुलांच्या ताकदीच्या पावडरीत मानेपर्यंत पुरलं आणि वरून झाकण लावलं.

ते झाकण उघडलं भिंगरीच्या आईने.

भिंगरी तेव्हा सहा वर्षांची होती. आनंद झाला की ती जागच्या जागी गरगर फिरते, म्हणून मावशीने तिला हे नाव ठेवलं. डॉक्टरांनी तिच्या फायलीत 'स्वमग्नता' असं लिहिलं होतं. ती बोलत जवळजवळ नव्हतीच. खाण्याचं तर विचारूच नका. दूध, पाव आणि केळं. चौथं काही समोर दिसलं की ताटासकट ढकलून द्यायची. एवढ्याशा खाण्यावर पोरीची वाढ कशी व्हायची, या काळजीने आईचा जीव टांगणीला लागलेला. भिंगरीचे बाबा दूरच्या बंदरात क्रेन चालवतात, महिन्यातून एकदा घरी येतात. त्यामुळे काळजी करायची पाळी रोज आईचीच.

आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, भिंतीवर टांगलेले खाकी कागदाचे नमुने, गळ्यात टेप. कापड कापण्याआधी ती माप दोनदा घेते. गिऱ्हाईक कितीही घाई करो, दोनदा म्हणजे दोनदा. अशा बाईच्या हातात पडलो म्हणून मी खूश होतो.

रोज सकाळी ती मला पावडरीत बुडवायची, डब्याच्या काठावर आपटायची, टक टक, आणि वरचा ढीग पट्टीने सपाट करायची. भिंगरी हनुवटी ओट्यावर टेकून बघत असायची. आई विचारायची, "किती?" आणि स्वतःच उत्तर द्यायची, "एक." मग मी दुधात.

असं दोन महिने चाललं. एका सकाळी आईने विचारलं, "किती?" आणि तिने तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला, "एक."

आईच्या हातातून मी सुटलो. ओटाभर पावडर सांडली. आई खाली बसली, पोरीला कुशीत घेतलं आणि "परत म्हण गं, परत म्हण" करत राहिली. भिंगरी कसली परत म्हणते! पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, टक टक झाल्यावर, तिने म्हटलं. तिसऱ्या दिवशीही म्हटलं. अख्ख्या दिवसात तिच्या तोंडून तेवढा एक शब्द यायचा आणि तो माझ्यासाठी यायचा. मी किती फुगलो म्हणून सांगू! त्या घरात माझ्याहून मोठं कोणी नाही, अशीच माझी समजूत झाली.

मग मावशी आली. मावशी डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेते. बोलायला मात्र सर्जनच. माया अपार, धीर अजिबात नाही. ती हिरवा डबा घेऊन आली.

"अगं, ती पिवळी पावडर म्हणजे नुसती साखर! हे बघ, हे खास अशा मुलांसाठी आहे. आमच्याकडच्या नर्सच्या भाच्याला दिलं, पोरगा महिन्याभरात घडाघडा बोलायला लागला."

"खरंच?" आईने विचारलं. तो "खरंच" मला अजून ऐकू येतो. इतकी आशा एका शब्दात कोणी ठेवू नये.

हिरव्या डब्यात त्याचा स्वतःचा चमचा होता. मोठा, लांब दांड्याचा, माझ्यासारखे तीन पोटात मावतील एवढा. आईने तो बाहेर काढला मात्र, भिंगरीने किंचाळून पेला भिरकावला आणि जमिनीवर लोळण घेतली. तिला निळा हवा होता. तिला मी हवा होतो. आईने मला धुतलं, पुसलं आणि हिरव्या डब्यात ठेवलं. तो मोठा चमचा कचऱ्यात गेला. डब्यावर लिहिलं होतं, 'रोज एक चमचा'. आईने एक चमचा दिला. टक टक. "किती?" "एक."

मित्रांनो, मला तेव्हाच कळलं होतं. चमच्याला दुसरं काही कळो न कळो, माप कळतं. रोज तीन घोट लागणाऱ्याला एक घोट मिळत होता. पण मला तोंड कुठे आहे? आणि खरं सांगू, मनात थोड्या गुदगुल्याही झाल्या होत्या. त्या लंबूटांगाला हाकलून मी टिकलो होतो ना!

आईने भिंतीवर एक नवा खाकी कागद लावला. शिवणाच्या खडूने रकाने आखले. खाणं, झोप, पोट, रडणं, शब्द. पिवळा डबा, हिरवा डबा. रोज संध्याकाळी मशीन बंद केलं की ती एकेक रकाना भरायची. दोन महिन्यांनी हिरव्याखाली तिने लिहिलं, 'काही फरक नाही'. अशा मुलांच्या आयांचा फोनवर एक ग्रुप आहे, तिथेही कळवलं. एका आईने लगेच उत्तर दिलं, 'बरं झालं सांगितलंत, मीही बंद करते.' त्या बाईंच्या मुलाला हिरव्याने बरं वाटत होतं की नाही, कोण जाणे. आईच्या शब्दावर विश्वास ठेवून तिने तो बंद केला.

आणि मग लाल डबा आला. तोही मावशीनेच आणला. "ही खूप कडक आहे हं, अर्क आहे अर्क. थोडीशी पुरते."

त्याचा चमचा आईला सापडलाच नाही. तो पावडरीत खोल, तळाशी बुडाला होता. इवलासा, पांढरा, करंगळीच्या नखाएवढा. आईने तो शोधला नाही, कारण तिला त्याची गरजच नव्हती, मी होतो ना! डब्यावर लिहिलं होतं, 'रोज एक चमचा'.

पहिल्या दिवशी मी पावडरीत खोल शिरलो तेव्हा माझा काठ त्याला लागला. मी हादरलो. असले चार भरल्याशिवाय मी भरत नाही! आईने मला वर उचललं. टक टक. ढीग सपाट. "किती?"

"एक," भिंगरी म्हणाली.

आठवडाभर सगळं बरं होतं. नंतर तिचं पोट दुखायला लागलं. तिला सांगता कुठे येतं? ती पोटावर मुठी मारायची. भिंतीवर डोकं आपटायची. दूध पिऊन ओकायची. तीन दिवस शौचाला व्हायचं नाही. भर दुपारी ती मशीनखाली शिरून, पाय पोटाशी घेऊन पडून राहायची आणि आई एका हाताने कापड सरकवत दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळायची. गरगर फिरणं थांबलं. घरात भिंगरी होती, पण फिरत नव्हती.

मावशी म्हणाली, "सुरुवातीला त्रास होतोच. म्हणजे लागू पडतंय. मध्येच सोडू नकोस हं!"

आईने सोडलं नाही. उलट जास्त काळजीने, जास्त नेमाने देऊ लागली. एक दिवस चुकू दिला नाही. पट्टीने ढीग कसा सपाट करायची, माझ्या काठावर एक कण जास्त नाही! आणि मी, कारखान्यात शाबासकी मिळवलेला अचूक चमचा, रोज न चुकता तेवढंच विष, हो, मी तरी त्याला विषच म्हणतो, त्या पोरीच्या दुधात नेऊन ओतत होतो. मला स्वतःची शिसारी आली. वाटायचं, मोडून पडावं. एकदा ओट्यावरून घरंगळलोही. पण प्लास्टिकची जात चिवट, साधा तडाही गेला नाही.

एका सकाळी टक टक झालं. आईने विचारलं, "किती?"

कोणी बोललं नाही. आईने पुन्हा विचारलं. भिंगरी ओट्यापाशी उभी होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. त्या संध्याकाळी खाकी कागदावर 'शब्द' या रकान्यात आईने फुली मारली. खडू तिच्या बोटांत मोडला. "गेला," ती मशीनला म्हणाली, "एकच होता, तोही गेला."

दुसऱ्या दिवशी मावशीला न सांगता तिने भिंगरीला, खाकी कागदाची गुंडाळी आणि मला पोटात घेतलेला लाल डबा उचलला आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाई वयस्क होत्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, बोलणं तुटक. त्यांनी कागद टेबलावर पसरला आणि शेवटपर्यंत वाचला.

"मेहनत घेतलीय तुम्ही," बाई म्हणाल्या. "हे किती देता?"

"रोज एक चमचा. डब्यावर लिहिलंय तसं."

"कोणता चमचा?"

आईने मला पुढे केलं. बाईंनी मला पाहिलं, डबा पाहिला, पुन्हा मला पाहिलं. मग त्यांनी डबा एका कागदावर पालथा केला. शेवटी तळातून तो पांढरा बाहेर पडला आणि टेबलावर टिचकन वाजला.

त्यांनी पांढरा भरला आणि माझ्यात ओतला. दुसरा ओतला. तिसरा ओतला. आईचे ओठ हलत होते, ती मोजत होती. चौथा पडला तेव्हा मी काठोकाठ भरलो.

"माझ्या हाताने," आई म्हणाली. "माझ्या हाताने दिलं मी. लोकांची मापं दोनदोनदा घेते हो मी! आणि माझ्या पोरीच्या पोटात काय जातंय..." ती रडायला लागली.

"बाहेर रडा, पण आधी ऐका," बाई म्हणाल्या. आवाज मऊ झाला होता. "हे आजपासून बंद. रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना सगळं सांगा, काही लपवू नका. डबे कोणते बरे, ते नंतर बघू. आधी तिला कमी काय पडतंय ते कळू दे. अजून एक. या कागदावरच्या हिरव्या आणि लाल रकान्यांतलं काही धरू नका. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत, पण ही तुलना औषधांची नाहीच. ही एका चमच्याची आहे."

त्या खोलीतल्या प्रत्येकाची नजर तेव्हा माझ्यावर होती. एवढी नजर मला कधी नको होती.

रक्तात एक-दोन गोष्टी वाढलेल्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, उतरतील, पण वेळ लागेल. आईने ग्रुपवर सगळं लिहिलं, जसं घडलं तसं. 'हिरव्याबद्दल मी सांगितलं ते चुकीच्या मापावर होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला माफ करा.' लिहायला तिला अख्खी दुपार लागली. मावशी आली, ऐकलं, आणि मशीनपाशी खाली बसली. मग म्हणाली, "मला ओरड तरी गं." आई ओरडली नाही. तिने चहा ठेवला.

आता भिंगरीला बाईंनी ठरवून दिलेलं थोडंसं काही मिळतं, त्याच्या स्वतःच्या चमच्याने. ते द्यायच्या आधी तिला महिनाभर तो चमचा नुसता खेळायला दिला होता. किंचाळणं झालं, पेलेही फुटले. पण जमलं. आणि मला आईने बटणांच्या डब्यात टाकलं. फेकून देऊ शकली असती. तिने का फेकलं नाही, हे मी विचारलेलं नाही. त्यानंतर "किती?" मात्र ती कोणाला विचारेनाशी झाली. गिऱ्हाइकालासुद्धा नाही.

परवा दुपारी आई मशीनवर बसली होती. भिंगरीने डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे पाहिलं. मला बटणांत बुडवलं, डब्याच्या काठावर आपटलं. टक टक. मग शिगोशीग भरलेल्या मला घेऊन ती आईजवळ गेली आणि मला आईच्या तोंडाशी धरलं.

आई मागे सरकली. भिंगरीने मला आणखी पुढे केलं.

"किती?" आईने विचारलं.

भिंगरीने माझ्याकडे नीट पाहिलं. मग एक बोट माझ्या काठावरून फिरवलं, अगदी त्या कारखान्यातल्या बाईंसारखं, आणि वरची सगळी बटणं खाली पाडली. फरशीवर टणटण आवाज होत राहिला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

"एक," ती म्हणाली.

आईने तोंड उघडलं आणि बटणं खाल्ल्यासारखं केलं. रडत रडत, गाल फुगवून, चावल्याचा आवाज काढून. आणि भिंगरी फिरली, एकच गिरकी, पण फिरली.

तर मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय, बटणांत पडून असतो. एवढंच मागतो. तुमच्या घरी कोणासाठी डबा उघडलात, तर त्याचा स्वतःचा चमचा शोधा. तळाशी असेल, तरी शोधा. आणि तुमची आई कधी दमून, घाईत, कुणाच्या तरी काळजीने "एकच चमचा दिला" म्हणाली, तर तिला रागावू नका. तिच्याजवळ बसा आणि हळूच विचारा, "कोणता?" मला ते विचारता आलं नाही.